घडाचे वजन आणि मजुराची पाठ

यावल, रावेर, चोपडा या जळगाव जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात केळीचा हिशेब फार बारकाईने ठेवला जातो. हिवाळ्यात पारा किती उतरला, उन्हाळ्यात किती चढला, वारा किती वेगाने सुटला यावर फळपीक विम्याची भरपाई ठरते. पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग लावायची की पावसाळा सरतानाची कांदेबाग, ठिबकातून कोणते खत कधी सोडायचे, आज बऱ्हाणपूरच्या बाजारात भाव काय निघाला, याची चर्चा रोज होते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, निर्यातही होते. या हिशेबात एक रकाना मात्र कोराच राहिला आहे. झाडावरून उतरलेला घड गाडीत पोहोचेपर्यंत कोणाच्या अंगावरून जातो आणि त्या अंगाचे पुढे काय होते, याची नोंद कुठेच नाही. कापणीच्या टोळीतला माणूस चाळिशीत कंबर धरून बसला की आपण म्हणतो, त्याने चुकीचे उचलले असेल, किंवा त्याची पाठच कमजोर असेल. दोन्ही निदाने आपल्या सोयीची आहेत. माणसाच्या पाठीची रचना नीट समजून घेतली तर दोष उचलणाऱ्याच्या पद्धतीत कमी आणि उचलायला दिलेल्या वजनात व कामाच्या मांडणीत जास्त सापडतो. म्हणून या दुखण्याचा मुख्य इलाज दवाखान्यात नाही, बागेत करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी पाठ म्हणजे काय ते पाहू. कवटीपासून माकडहाडापर्यंत साधारण ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीमागचे १२, कंबरेचे ५, आणि खाली एकमेकांना जुळून गेलेले त्रिकास्थीचे व माकडहाडाचे. हलणारे मणके वरचे २४. त्यांच्यामध्ये २३ चकत्या. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा आणि त्याभोवती तिरप्या तंतूंचे एकावर एक थर असतात. सगळ्यात जास्त भार येतो तो कंबरेच्या शेवटच्या दोन सांध्यांवर, आणि चकती सरकण्याचे बहुतेक प्रकारही तिथेच घडतात. पण हा हाडांचा मनोरा एकटा उभा राहूच शकत नाही. स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडे आणि अस्थिबंध शिल्लक असलेला कंबरेचा कणा प्रयोगशाळेत दाबून पाहिला गेला आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगात तो सुमारे ९ किलोंच्या भारालाच वाकून कोसळला. जिवंत माणसाचा तोच कणा त्याच्या कितीतरी पट भार पेलतो, तो केवळ स्नायूंच्या जिवावर. भरलेल्या घडाने केळीचे झाड कलू लागले की शेतकरी त्याला पट्टीचा किंवा बांबूचा आधार देतो. कण्याला असा आधार सगळ्या बाजूंनी आणि क्षणाक्षणाला बदलत देण्याचे काम स्नायू करतात.

या स्नायूंचे थर आहेत. वरवर दिसणारे रुंद स्नायू, म्हणजे मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस आणि कंबरेपासून दंडाकडे जाणारा लॅटिसिमस, हे खरे तर हाताचे आणि खांद्याचे. डोक्यावर ओझे धरणे, खांद्यावर घड तोलणे हे काम त्यांचे. त्यांच्या खाली कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभे धावणारे जाड दोर म्हणजे इरेक्टर स्पायनी. वाकलेल्या माणसाला सरळ करणारा हा गट. आणि अगदी आत, एका मणक्यापासून दोन-चार मणक्यांपलीकडे जाणारे छोटे छोटे तिरपे स्नायू, त्यांतला महत्त्वाचा मल्टिफिडस. तो मोठे ओझे उचलत नाही, मणक्याला मणक्यावर नीट बसवून ठेवतो. पुढून पोटाचे स्नायू या रचनेला आवळून धरतात. यातला एक थर जरी थकला, तरी त्याचे काम दुसऱ्यावर किंवा थेट चकतीवर आणि अस्थिबंधांवर जाऊन पडते.

आता मुद्दा तरफेचा. इरेक्टर स्पायनीची ओढ चकतीच्या मध्यापासून मागे जेमतेम पाच सेंटीमीटरवर असते. जमिनीवर टेकवलेला २० किलोंचा घड वाकून उचलताना तो शरीराच्या पुढे साधारण ४० सेंटीमीटरवर असतो. म्हणजे अंतर आठपट, आणि म्हणून केवळ त्या घडासाठी स्नायूंना १६० किलोंची ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचे, डोक्याचे आणि हातांचे स्वतःचे वजन आहेच. सगळे धरून कंबरेच्या चकतीवर एका क्षणी येणारा दाब ढोबळ हिशेबाने ३०० किलोंच्या वर जातो. हा केवळ कागदी हिशेब नाही. जर्मनीतील उल्म येथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत सुईएवढा दाबमापक बसवून प्रत्यक्ष दाब मोजला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: नुसते उभे असताना ०.५ मेगापास्कल, २० किलो अंगाशी धरून उभे राहिले तर १.१, गुडघे वाकवून तेच वजन उचलले तर १.७, आणि पाठ वाकवून उचलले तर २.३. माणूस एकच होता, त्यामुळे हे आकडे प्रत्येकाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण चढता क्रम यांत्रिकीच्या नियमांशी जुळणारा आहे. त्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'योग्य पद्धतीने' उचलूनही दाब उभ्या अवस्थेच्या तिपटीहून जास्तच राहिला.

निऑश ही अमेरिकेची कामगार आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था. तिने १९९१ मध्ये वजन उचलण्याचे एक सूत्र तयार केले. सगळी परिस्थिती अनुकूल असेल, वजन अंगाशी आणि कंबरेच्या उंचीला असेल, तर तिने सुचवलेली कमाल मर्यादा २३ किलो आहे. तेच वजन ४० सेंटीमीटर पुढे आणि जमिनीवर असेल, तर सूत्राप्रमाणे मर्यादा ११ किलोंवर येते. उचलण्याची वारंवारता, पिळून वळणे, निसटती पकड हे धरले तर आणखी खाली. आपल्याकडच्या ग्रँड नैन वाणाच्या चांगल्या बागेत घड २० ते २५ किलोंचा सहज भरतो, त्याहून जड घडाचे तर कौतुकच होते. घड चांगला पोसावा यासाठी सगळी शेती झटते आणि ते योग्यही आहे. पण घड जड होत गेला तसा तो वाहणारा माणूस बदललेला नाही.

एक एकराचा हिशेब करू. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात सुमारे १,७४० झाडे बसतात. घड सरासरी २० किलोंचा धरला तर माल होतो साधारण ३५ टन. एक जण दांडा तोडतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो, बांधापर्यंत नेऊन खाली ठेवतो. मग तो वजनाला उचलला जातो आणि पुन्हा गाडीत चढवला जातो. तीन वेळा उचलणे धरले तर एका एकराची कापणी म्हणजे माणसांच्या पाठीवरून शंभर टनांची ये-जा. ती सपाट फरशीवर होत नाही. पाय ओल्या, चिकट काळ्या मातीत असतो, ठिबकच्या नळ्या पायात येतात, पाच फुटांच्या ओळीत वळायला जागा नसते आणि झेलताना भार अचानक येतो. वेळेचाही भाग आहे. रात्री झोपेत चकती पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळच्या पहिल्या तासाभरात वाकताना तिच्यावरचा ताण दिवसापेक्षा जास्त असतो. आणि उन्हाळ्यात ऊन टाळण्यासाठी काम नेमके भल्या पहाटे सुरू करावे लागते. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येते, त्यासाठी दाब आणि विसावा यांची पाळी लागते. गाडी भरेपर्यंत दम घ्यायचा नाही, या रिवाजात ती पाळी मोडते.

बायकांच्या कामाकडे तर आणखी कमी लक्ष जाते, कारण त्यात ओझे दिसत नाही. निंदणी, पिले काढणे, कापूस वेचणी ही कामे तासन्‌तास कंबरेतून वाकून चालतात. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे इरेक्टर स्नायू चक्क शांत होतात. हे विद्युतमापनातून १९५० च्या दशकातच दिसून आले आहे. त्या स्थितीत धडाचा भार स्नायू धरत नाहीत, मागचे अस्थिबंध आणि चकतीचा मागचा भाग धरतो. ते ऊतक हळूहळू ताणून सैल होते आणि सरळ उभे राहिल्यावरही लगेच पूर्ववत होत नाही. अशा वाकलेल्या दोन-तीन तासांनंतर एखादीने पाण्याचा हंडा उचलला आणि पाठीत उसण भरली, तर दोष हंड्याचा म्हणून सांगितला जातो. खरे काम निंदणीने आधीच केलेले असते.

पाठ धरली की पुढे काय होते, तेही याच प्रश्नाचा भाग आहे. मजूर आधी मालीश करून घेतो, मग इंजेक्शन, मग कंबरपट्टा, आणि दुखणे हटले नाही तर उसनवारीवर जळगावला जाऊन एमआरआय. फोटोत काहीतरी निघतेच आणि 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य घरात कायमचे मुक्कामाला येते. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. म्हणजे फोटोतला बदल आणि वेदना यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही. अंथरुणावर पडून राहण्याने फायदा होत नाही, झेपेल तसे हिंडते-फिरते राहिल्याने माणूस लवकर बरा होतो, हे फिनलंडमधल्या १९९५ च्या अभ्यासाने दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पट्टे आणि वजन लावून ओढणे यांची शिफारस नाही, उलट ते टाळावे असेच म्हटले आहे. मात्र पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, वजन घटणे किंवा रात्री न थांबणारी वेदना असेल तर तातडीने डॉक्टरांकडे जायलाच हवे. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो. उरलेल्या बहुसंख्य दुखण्यांत पाठ मोडलेली नसते, ती बरी होऊ शकते. पण ज्युली हाइड्स यांच्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासांनी १९९४ आणि १९९६ मध्ये एक गोष्ट दाखवली: पहिल्याच दुखण्यात दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस बारीक होतो आणि वेदना थांबली तरी आपोआप भरून येत नाही. त्यासाठी ठरावीक व्यायाम लागतो. आपला मजूर मात्र वेदनाशामक गोळी घेऊन चौथ्या दिवशी पुन्हा घडाखाली उभा राहतो, कारण न गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या पिढीचा. आमच्या वाडवडिलांनी क्विंटलची पोती वाहिली, त्यांच्या पाठी काय मोडल्या? शिवाय काम केल्याने स्नायू बळकटच होतात. यातला दुसरा भाग खरा आहे. भार पाठीचा शत्रू नाही. बैठे काम करणाऱ्यांची पाठही दुखतेच. पण स्नायू बळकट होतात ते भार हळूहळू वाढवला आणि मध्ये विसावा दिला तर. आखाड्यातला पहिलवान आपले वजन, आपली विश्रांती आणि आपला खुराक ठरवतो. कापणीचा मजूर यातले काहीच ठरवत नाही. आणि वाडवडिलांबद्दल बोलताना आपल्याला आठवतात ते शेवटपर्यंत टिकलेले. जे तिशी-पस्तिशीत हमाली सोडून ओट्यावर बसले, ते कोणाच्या आठवणीत नाहीत. पूर्व आफ्रिकेतल्या बायका डोक्यावरचे ओझे जादा शक्ती न खर्चता वाहतात, हे १९८६ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले होते, त्याचाही दाखला कधी दिला जातो. ते ओझे त्यांच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे होते. ५५ किलोंच्या माणसासाठी ते ११ किलो झाले, घडाच्या निम्मे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो आणि तो जास्त वजनदार आहे. फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या दीर्घ अभ्यासात असे दिसले, की चकतीची झीज किती होणार यात कामाच्या भारापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मग वजन कमी करून काय साधणार? मला वाटते, या निष्कर्षातून उलटाच धडा निघतो. प्रत्येकाची पाठ जन्मतः वेगळी असेल, तर सगळ्यांना एकच घड आणि एकच वेग लावणे चूक आहे. आज टोळीचा वेग सगळ्यात तगडा गडी ठरवतो आणि त्याची किंमत सगळ्यात कच्च्या पाठीचा माणूस भरतो. शिवाय तो अभ्यास फोटोत दिसणाऱ्या झिजेचा होता, आणि झीज व वेदना या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण वर पाहिलेच. जड वजन, वाकणे आणि पिळणे यांचा कंबरदुखीशी व त्यातून येणाऱ्या अपंगत्वाशी संबंध अनेक देशांच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसला आहे.

तिसरा आक्षेप उपायाच्या रूपात येतो आणि तो सगळ्यांच्या आवडीचा आहे: मजुरांना प्रशिक्षण द्या, कंबरपट्टे वाटा. कार्यक्रम होतो, फोटो छापून येतो, कोणाच्या खिशाला चाट बसत नाही. पण केवळ उचलण्याचे प्रशिक्षण देऊन पाठदुखी टळते, असा पुरावा पद्धतशीर आढाव्यांत सापडलेला नाही. पट्ट्यांचेही तसेच. अमेरिकेतल्या दुकानांतून माल हलवणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कामगारांच्या पाहणीत, जी २००० साली प्रसिद्ध झाली, पट्टा लावणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही. कारण उघड आहे. अरुंद ओळीत, चिखलात, खांद्याच्या उंचीवरून घसरणारा घड झेलताना गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवण्याचा धडा पाळायला जागाच नसते.

मग करायचे काय? इक्वेडोर, कोस्टारिका, फिलिपिन्स इथल्या मोठ्या मळ्यांत घड अंगावर वाहत नाहीत. बागेतून तारेचा मार्ग जातो, घड चाकाच्या आकड्याला लटकतात आणि एक माणूस त्यांची रांगच्या रांग ओढत नेतो. आपल्याकडे दोन-तीन एकरांच्या तुकड्यांवर हे परवडणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तारमार्ग आणि उघडा खांदा या दोन टोकांमध्ये बरेच काही बसते. जोडओळ पद्धतीत झाडांची संख्या न घटवता दोन जोड्यांच्या मध्ये रुंद पट्टा सुटतो. त्यातून रुंद चाकांची हातगाडी जाऊ शकते. बांधावर कंबरेच्या उंचीचे लोखंडी मेज ठेवले तर घड जमिनीला टेकवून पुन्हा वाकून उचलण्याची वेळच येत नाही, आणि निऑशच्या सूत्राप्रमाणे सर्वात महागडी उचल हीच असते. बागेतच फण्या उतरवून क्रेटमध्ये भरता येतात. आखाती देशांत जाणारी केळी याच पट्ट्यात १३ किलोंच्या आसपासच्या खोक्यांत भरली जाते. दुबईच्या ग्राहकासाठी जे जमते ते इथल्या मजुरासाठी अशक्य कसे? एकूण टन तेवढेच राहिले तरी एका वेळचे वजन निम्मे होण्याला फार अर्थ आहे. हाड आणि चकतीवर येणारा प्रत्येक धक्का लहान झाला की ते दुपटीहून कितीतरी जास्त धक्के सोसतात. फळही कमी ठेचकाळते, ज्याचा पैसा थेट शेतकऱ्याला मिळतो.

राहिला मजुराचाच आक्षेप. जिथे मजुरी वजनावर किंवा गाडीवर ठरते, तिथे हलके वजन म्हणजे जास्त खेपा आणि तेवढाच पैसा. त्याची शंका रास्त आहे, म्हणून वजन कमी करताना दर वाढवावाच लागेल. नाहीतर सुधारणेचा खर्चही त्याच्याच पाठीवर पडेल. हा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणेही बरोबर नाही, कारण भाव त्याच्या हातात नसतो. व्यापारी, बाजार समिती आणि सरकार यांनी तो वाटून घ्यावा. अवजारांच्या अनुदानात ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्रे बसतात, तर हातगाडी, मेज आणि क्रेटही बसवावेत.

हे अभूतपूर्व काही नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी माथाडी कायदा केला. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने क्विंटलचे पोते ५० किलोंवर आणण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. पोती लहान झाली, बाजार काही बंद पडला नाही. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० वरून ४५ किलोंची झाली, शेती तशीच चालू राहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती, आणि ती आजच्या ज्ञानाच्या मानाने सैलच म्हणावी लागेल. पण या सगळ्या तरतुदी गोदाम, बाजार आणि कारखान्याच्या दाराशी थांबतात. बागेतल्या टोळीपर्यंत त्या येत नाहीत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे, भूमिहीन मजूर तिच्यात नाही, आणि वर्षानुवर्षे झिजलेली पाठ हा तिच्या लेखी अपघातही नाही. १९३६ च्या डिसेंबरमध्ये याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि तिथल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी अशी मागणी होती. मजुरीची चर्चा निदान सुरू झाली. मजुराच्या शरीराची अजून व्हायची आहे.

यावल आणि रावेरच्या बाजार समित्यांनी, केळी उत्पादकांनी आणि व्यापाऱ्यांनी येत्या कांदेबागेच्या लागवडीआधी एकत्र बसावे. रुंद पट्टा सोडणाऱ्या जोडओळीला प्रोत्साहन, बांधावर मेज, एका माणसाने एका वेळी उचलायच्या वजनाची लेखी मर्यादा, गाडी भरताना ठरावीक विसावा आणि त्या वेळेचीही मजुरी, एवढे पाच निर्णय त्यांच्या हातात आहेत. त्यांतल्या चारांना तर कोणत्याही नव्या कायद्याची किंवा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.